ट्रकच्या वेळापत्रकात झोप कुठे लिहायची?

भिवंडीहून दिल्लीकडे माल घेऊन निघणाऱ्या ट्रकसोबत बरेच कागद असतात. बिल्टी असते, ई-वे बिल असते, आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी आणि नॅशनल परमिट असते. काचेवर फास्टॅग असतो. बिल्टीवर मालाचे वजन, नगांची संख्या, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, भाडे असे सगळे नोंदलेले असते. माल कधी पोचायला हवा, हे फोनवर ठरलेले असते. या साऱ्यात एका गोष्टीची नोंद मात्र कुठेच नसते. पुढचे काही दिवस ही गाडी चालवणारा माणूस कुठे आणि किती तास झोपणार आहे?

नोंद नसली की झोप उरल्यासुरल्या वेळात ढकलली जाते. गोदामात माल भरायला उशीर झाला, झोपेतून वेळ कापा. टोलनाक्यावर रांग लागली, झोपेतून कापा. पंक्चर निघाले, तेही झोपेतूनच. माल पोचण्याची वेळ तेवढी हलत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतले किती चालकाला डुलकी लागल्याने गेले, हे नेमके सांगणे अवघड आहे. दारू तपासायला श्वासाची चाचणी आहे. झोप मोजणारे असे यंत्र पोलिसांकडे नाही. अपघातानंतर जिवंत राहिलेला चालक खडखडीत जागा झालेला असतो आणि गुन्हा बहुधा भरधाव, हयगयीने वाहन चालवल्याचा नोंदवला जातो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १० शहरांतल्या १,२०० हून अधिक ट्रकचालकांशी बोलणे झाले होते. चालक दिवसाला सरासरी १२ तास गाडी चालवतात आणि जवळपास निम्मे जण थकवा किंवा झोप आलेली असतानाही चालवत राहतात, असे त्यातून समोर आले.

शरीराची दोन घड्याळे

झोप येण्यामागे शरीरात दोन व्यवस्था काम करतात. झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि आजही झोपेच्या अभ्यासात तिचा आधार घेतला जातो.

पहिली व्यवस्था साध्या उधारीसारखी आहे. माणूस जागा असेपर्यंत मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. जितके तास जागरण, तितका साठा आणि तितकी झोपेची ओढ. ही उधारी फक्त झोपूनच फिटते.

दुसरी व्यवस्था म्हणजे मेंदूतले जैविक घड्याळ. ते उजेड-अंधारावर चालते आणि २४ तासांत सावधपणा वरखाली करते. पहाटे साधारण २ ते ६ या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली येते, प्रतिक्रिया मंदावतात. दुपारी २ ते ४ च्या सुमारास आणखी एक लहानशी घसरण होते. जेवणाने ती वाढू शकते. पण जेवण टाळले तरी ती येतेच.

लांब पल्ल्याच्या ट्रकवर या दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालकाच्या विरोधात जातात. चालक सकाळी ६ वाजता उठला. १० वाजता गाडी गोदामात लावली. हमाल आले, माल भरला, काट्यावर वजन झाले, ताडपत्री ओढून रस्सा आवळला. रात्री ८ वाजता गाडी निघाली. रात्री ११ वाजता तलासरी-वापीच्या आसपास गाडी गुजरातमध्ये शिरत असताना हा माणूस १७ तास जागा असतो. असाच चालत राहिला तर पहाटे साडेतीनच्या सुमारास तो भरुचजवळ असेल. तेव्हा जागरणाचे साडेएकवीस तास झालेले असतील आणि जैविक घड्याळही तळाला असेल.

न पिता चढलेली झिंग

१९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागलेल्या माणसांची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यावर होते तितकी घसरली होती. २४ तासांच्या जागरणानंतर ती ०.१० टक्के मद्याच्या पातळीला गेली. भारतात वाहन चालवताना रक्तातल्या मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा, की मद्याला आयुष्यात न शिवलेला चालकही १७ तासांच्या जागरणानंतर कायद्याने मद्यपी ठरणाऱ्या माणसापेक्षा वाईट गाडी चालवू शकतो. आणि त्याला कोणी अडवत नाही.

पुढची पायरी म्हणजे ‘मायक्रोस्लीप’, काही सेकंदांची झोप. डोळे उघडे असले तरी मेंदू तेवढ्यापुरता बंद असतो आणि चालकाला बऱ्याचदा ते कळतही नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे जातो. चार सेकंदांत तो सुमारे ९० मीटर अंतर कापतो. पुढे कडेला बंद पडलेला ट्रेलर उभा असेल तर ब्रेकवर पाय जाण्याआधीच टक्कर होते. झोपेमुळे झालेल्या अपघातात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा अनेकदा सापडत नाहीत, त्या यामुळेच.

कायद्याने दिलेले तास

चालकाच्या तासांबाबत आपल्याकडे नियमच नाहीत, असा समज वाहतूक व्यवसायातही आढळतो. तो चुकीचा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या ठरावीक मार्गांवर परवानगी घेऊन ती वाढवता येई. पण दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांच्या वर नाही. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुटी, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची विश्रांती, आठवड्याला एक सुटी असेही त्यात होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ चालकांच्या कामासाठी याच तासांचा आधार घेते. पुढे १९६१ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावण्यात आला. दिवसाला ८ तासांचे माप तिथेही कायम आहे.

हे आकडे विज्ञानाशी जुळणारे आहेत. सलग ९ तासांची विश्रांती म्हणजे आंघोळ, जेवण, घरी फोन आणि त्यानंतर ७ तासांची झोप. पाच तासांनंतरची अर्ध्या तासाची सुटी म्हणजे एक डुलकी आणि एक चहा.

अडचण अंमलबजावणीची आहे. युरोपीय संघात ट्रकमध्ये टॅकोग्राफ हे नोंदयंत्र असते. तिथे साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास चालवता येते आणि २०१७ च्या अखेरीपासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांत त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते. आपल्याकडे फास्टॅग गाडी कुठल्या टोलवरून किती वाजता गेली हे सांगतो, जीपीएस ती कुठे उभी आहे ते सांगतो. चाकामागे कोण बसले होते आणि ते किती तास जागे होते, हे दोन्ही सांगत नाहीत. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असण्याची अट होती. तीही नंतर काढली गेली. क्लीनर सोबत असला तरी त्याला अवजड वाहनाचा परवाना नसेल तर तो उस्तादाच्या जागी बसू शकत नाही.

१,४०० किलोमीटरचा हिशेब

झोप आधी लिहिली तर मार्ग कसा दिसतो? भिवंडी ते गुरुग्राम हे अंतर राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून साधारण १,४०० किलोमीटर आहे. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि हरियाणा अशी चार राज्ये लागतात. मालवाहू गाडीला चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. पण वाहतूक, टोल, चढ, शहरांचे बायपास आणि रस्त्याची कामे धरली तर भरलेल्या ट्रकचा सरासरी वेग ४० ते ४५ च्या आसपास धरणेच शहाणपणाचे. म्हणजे ३१ ते ३५ तास निव्वळ गाडी चालवणे.

एकच चालक असेल तर टप्पे साधारण असे पडतात. पहिला दिवस भिवंडी ते भरुच. दुसरा, वडोदरा आणि अहमदाबाद ओलांडून शामळाजी. तिसरा, उदयपूर आणि चित्तोडगढवरून भीलवाडा. चौथा, किशनगढ आणि जयपूर मागे टाकून कोटपुतली. हे टप्पे ३०० ते ३५० किलोमीटरचे आहेत. पाचव्या दिवशी सकाळी उरलेले सव्वाशे-दीडशे किलोमीटर. परवाना असलेले दोन चालक असतील तर हाच प्रवास अडीच-तीन दिवसांत होतो. तरीही प्रत्येकाला रोज काही तास थांबलेल्या गाडीत झोप मिळेल, हे पाहावे लागते. हादरणाऱ्या केबिनमधली झोप उथळ असते.

माल भरण्याचा दिवस स्वतंत्र धरणे ही या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची ओळ. दिवसभर गोदामात ताटकळलेला चालक रात्री ८ वाजता ‘ताजा’ नसतो. अशा वेळी त्याच आवारात किंवा जवळच्या पार्किंगमध्ये झोपून पहाटे ५-६ वाजता निघणे हे त्याच्यासाठी आणि मालासाठीही सुरक्षित.

मुक्कामाची ठिकाणे आधी ठरवावी लागतात. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर गाडी लावून झोपणे धोक्याचे असते, कारण मागून येणाऱ्या दुसऱ्या पेंगलेल्या चालकाला उभा ट्रक दिसत नाही. सरकारी तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रामगृहे आहेत. तिथे खाट, न्हाणीघर आणि स्वयंपाकाची सोय असते. पार्किंग असलेले, उजेड असलेले ढाबे प्रत्येक जुन्या चालकाला माहीत असतात. त्यांची नावे टप्प्यांपुढे लिहून ठेवली, की अंधार पडल्यावर जागा शोधत आणखी ५० किलोमीटर पुढे जाण्याची वेळ येत नाही.

मंत्रालयाच्या अहवालांत सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत नोंदले गेलेले दिसतात. तेव्हा उजेड जात असतो, रस्त्यावर दुचाकी, ट्रॅक्टर आणि पायी माणसे असतात आणि चालकाचा दिवसभराचा थकवा साठलेला असतो. पहाटे निघून संध्याकाळी ६-७ पर्यंत मुक्कामाला पोचणे दोन्ही धोके टाळते. उन्हाळ्यात टायर तापतात म्हणून अनेक चालक रात्री चालवतात. त्यांनी दिवसा सावलीत सलग ७ तास झोपायला हवे आणि पहाटे २ ते ६ या वेळेत एक मोठा थांबा घ्यायला हवा. २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे; जुन्या लाखो गाड्यांत मात्र राजस्थानातली मे महिन्याची दुपार तशीच सोसावी लागते.

कागदांची घाई किती खरी?

‘ई-वे बिल संपेल’ हे कारण देऊन चालकाला पळवले जाते. नियम वेगळे सांगतो. साध्या मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. १,४०० किलोमीटरला सात दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडली किंवा रस्ता बंद झाला, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांत ती ऑनलाइन वाढवता येते. एकट्या चालकाने कायद्याच्या तासांत, रोज पोटभर झोपून गाडी नेली, तरी दोन दिवस शिल्लक राहतात.

वजनाचेही तसेच. २०१८ मध्ये केंद्राने धुऱ्यांवरील भाराची मर्यादा वाढवली आणि साध्या दोन धुऱ्यांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले. त्याच्याही वर माल भरला तर २० हजार रुपये दंड, वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, अशी तरतूद आहे. जादा भाराने ब्रेक तापतात, थांबायला लागणारे अंतर वाढते. डुलकीतून सावरलेल्या चालकाकडे जे दोन-तीन सेकंद उरलेले असतात, तेही जादा भार खाऊन टाकतो. म्हणून काट्याची पावती ही आरोग्याचीही पावती आहे.

शहरातल्या प्रवेशबंदीच्या वेळा मात्र खरोखर वेळापत्रक बिघडवतात. दिल्लीत ठरावीक वेळी जड वाहनांना नो-एंट्री असते, आणि हिवाळ्यात हवा अतिशय बिघडून निर्बंधांचा चौथा टप्पा लागू झाला, की जुन्या मानकांच्या डिझेल ट्रकांना शहराबाहेरच थांबावे लागते. निघण्याआधी हे पाहिले, तर तो थांबा कोटपुतलीच्या खाटेवर घेता येतो. नाही पाहिले, तर तोच वेळ सीमेवरच्या रांगेत, इंजिनाच्या धुरात, अर्धवट जागा राहून जातो.

चहा, खिडकी आणि गाणी

झोप आली की चालक खिडकी उघडतात, गाणी मोठ्याने लावतात, तोंडावर पाणी मारतात, तंबाखू मळतात. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातले झोपेचे अभ्यासक जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर यांपैकी काही उपाय तपासले. गार वारा आणि रेडिओ यांचा परिणाम थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा निघाला. उपयोगी पडली ती छोटी डुलकी आणि कॅफिन.

चहा-कॉफीतले कॅफिन अ‍ॅडेनोसिनचा परिणाम काही काळ अडवते. उधारी तशीच राहते, फक्त तगादा थांबतो. परिणाम सुरू व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. म्हणून गाडी सुरक्षित जागी लावून कडक चहा किंवा कॉफी घ्यावी आणि लगेच २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हावे. उठेपर्यंत कॅफिन काम करू लागते. उठल्याबरोबर काही मिनिटे डोके जड असते. तेवढ्यात टायर, दिवे, रस्सा तपासून घ्यावा. हा उपाय मुक्कामापर्यंत पोचण्यापुरता आहे. रात्रभराच्या झोपेची जागा तो घेऊ शकत नाही. अफूची बोंडे किंवा जागे ठेवणाऱ्या गोळ्या तर बेकायदा आणि घातक, दोन्ही आहेत. त्यांचा अंमल उतरताना झोप एकदम कोसळते.

पुरेसे झोपूनही पेंग येत असेल तर

सात तास झोपूनही दिवसा पेंग येते, झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे होते, सकाळी डोके दुखते, अशी लक्षणे असतील तर ‘स्लीप अ‍ॅप्निया’ची तपासणी करून घ्यावी. वाढलेले वजन आणि जाड मान असलेल्यांत तो जास्त आढळतो. बसून काम, अवेळी तेलकट जेवण आणि व्यायामाचा अभाव यामुळे ट्रकचालकांना त्याचा धोका अधिक. उपचार आहेत आणि ते घेणारा माणूस गाडी चालवू शकतो.

मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवून गाडी चालवू नये. साखर एकदम उतरली तर भोवळ येते. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. औषधाच्या दुकानात ‘गाडी चालवायची आहे’ असे आधी सांगावे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे फार दिपत असतील तर चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासावा. वाहतूक परवान्याच्या नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, पण ते पाच वर्षांतून एकदा. रक्तदाब, साखर आणि डोळे वर्षातून एकदा तरी पाहायला हवेत.

वेळ कोण ठरवतो?

चालकाला झोपेचे महत्त्व सांगून प्रश्न अर्धाच सुटतो. देशातले बहुतांश ट्रक एक-दोन गाड्यांच्या लहान मालकांचे आहेत. चालकाला पैसे अनेकदा फेरीप्रमाणे मिळतात. जितक्या फेऱ्या, तितकी कमाई. ‘उस्ताद, कुठवर पोचलात?’ हा शेठचा फोन पहाटेही येतो, कारण शेठला व्यापाऱ्याचा आलेला असतो. त्या व्यापाऱ्याला ग्राहकाला दिलेली तारीख पाळायची असते. या साखळीत ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे, त्याच्याच हातात वेळ नसते.

म्हणून बदल गाडी निघण्याआधी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात व्हायला हवा, आणि त्याला मोठा खर्च नाही. अंतराला ४० ने भागावे, येतील तेवढे तास ८ ने भागावेत, त्यात माल भरण्याचा एक दिवस मिळवावा आणि तीच तारीख व्यापाऱ्याला सांगावी. त्याआधी माल हवा असेल तर दुसऱ्या चालकाचा खर्च भाड्यात धरावा. गोदामात गाडी ताटकळली तर तेवढे तास पोचण्याच्या वेळेत वाढवून द्यावेत. चालकाच्या झोपेच्या वेळी ऑफिसातून फोन करू नये. गाडी उभी आहे हे जीपीएसवर दिसतेच. आणि बिल्टीच्या मागे, पेनाने का होईना, चार ओळी लिहाव्यात: भरुच, शामळाजी, भीलवाडा, कोटपुतली. प्रत्येक नावापुढे झोपेचे तास.